अर्धी चंदेरी ढाल

उद्या नाटकात लेक सेनापती होणार होती, आणि तिची खेळण्यातली ढाल अजून अर्धीच चंदेरी होती. अर्धी रंगवून, कडेला बटणं चिकटवून तिची आई वारली, त्याला तीन आठवडे झाले. बाप पेशाने रंगारी. जुना रंग घासल्याशिवाय नवा लावायचा नाही, हा नियम त्याच्या हातांनाच पाठ. त्या हातांनी पॉलिशपेपर घेतला आणि बायकोचं काम घासायला सुरुवात केली. त्याला काहीच वाटलं नाही. मेव्हणी म्हणाली, “भावोजी, ढाल आहे, बँकेची इमारत नाही.” पेपर ढालीच्या मुठीपाशी पोचला. तिथे सुकलेल्या रंगात बायकोच्या अंगठ्याचा ठसा होता. एरवी कामावर असा ठसा दिसला की तो कामगाराला घरी पाठवायचा. लेक म्हणाली, “बाबा, एवढं घासायचं राहिलं.” “आमच्या कामात एवढं चालतं,” तो म्हणाला, आणि ठशाला वळसा घालून उरलेली ढाल रंगवू लागला.