कंसातला क्रम

"नक्कल करताना फाइलचं लांबलचक नाव दोनदा लिहायची गरज नाही," हेरंब ग्राहकांना सांगत होता. "एकदाच लिहायचं, फरक तेवढा महिरपी कंसात द्यायचा. ही माझी पद्धत."

शलाका मागे उभी होती. ही पद्धत ऑफिसात तिने आणली होती. बढती मात्र हेरंबला मिळाली होती.

त्याने कमांड लिहिली. कंसात आधी मूळ फाइलची खूण हवी, मग नकलेची; त्याचा क्रम उलटा होता. धरणाच्या नव्या नकाशाची नक्कल होण्याऐवजी जुनाच नकाशा नव्यावर बसणार होता. शलाका सांगायला पुढे झाली.

"जरा चहाचं बघ," तो मागे न वळता म्हणाला.

"बघते," म्हणून ती बाहेर पडली.

थोड्याच वेळात तो धावत पँट्रीत आला. "शलाका, नवा नकाशा पुसला गेला. तुझ्याकडे प्रत असेल ना?"

"आहे. आधी आत जाऊन सांग, पद्धत कोणाची ते."

तो परत गेला. खाली मान घालून पुटपुटला, "पद्धत शलाकाची आहे."

दारात उभ्या शलाकाने प्रतीचा पेनड्राइव्ह मुठीतच ठेवला. "मागच्यांना ऐकू गेलं नाही, हेरंब," ती म्हणाली. "परत सांग."