बेचाळिसावं पान

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा घरी तिच्या उशाशी लेकीच्या विद्यार्थी राजकीय परिषदेसाठीचा वाचनाचा गठ्ठा उघडाच होता. दरवर्षी ती तो वाचून समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायची आणि विरोधी पक्ष होऊन लेकीला घाम फोडायची.

यंदा विरोधी पक्षात बाप बसला. लेकीने पाणीवाटपावर पहिला मुद्दा मांडला.

"पटलं," तो म्हणाला.

"बाबा, विरोध करायचाय!"

"या घरात तीस वर्षांत मी कुणाला विरोध केलाय?"

मग तो समासातले प्रश्न वाचून विचारू लागला. एक्केचाळिसाव्या पानापर्यंत लेक पार रडकुंडीला आली.

"हं, पुढचा?" ती म्हणाली.

त्याने पान उलटलं.

 

परिषद परवा आहे. बेचाळिसाव्या पानापासूनचे प्रश्न काढायचे राहिलेत.