जाळीबाहेरच्या माशा

शिवकन्या डाळिंबाच्या बागेपाशी आली आणि तिला वाटलं, विहिरीवरची मोटार रात्रीपासून चालूच राहिली. सगळीकडून एकच घुमणारा आवाज येत होता. तिनं विहिरीकडं पाहिलं. मोटार बंद होती.

मागच्या साली गारांनी पहिलाच बहार झोडपून नेला, म्हणून तिच्या नवऱ्यानं, महारुद्रनं, यंदा अख्ख्या बागेला पांढरी जाळी बांधून घेतली होती. वरून आणि चारी बाजूंनी. आत झाडं लालभडक फुलली, पण फळ काही धरेना. रोज सकाळी बुडाशी फुलांचा सडा पडलेला.

आणि आज उगवतीकडच्या जाळीला बाहेरून माशा लगडल्या होत्या. आग्या माशा. त्यांची मोहोळं पोखर्णीच्या रस्त्यावरच्या वडाला. एवढ्या लांबून, ज्वारी-हरभऱ्याची रानं ओलांडून त्या आल्या होत्या आणि जाळीच्या एकेका भोकात तोंड घालून आत शिरू बघत होत्या. ती उभी जाळी जागच्या जागी थरथरत होती.

"आवो, इकडं या. पळत नका येऊ, सावकाश या."

महारुद्र आला. हातात रंगाचा बारीक ब्रश. या फुलाची पिवळी धूळ त्या फुलाला लावत तो उजाडल्यापासून फिरत होता. समोरचं पाहून त्यानं बायकोचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं.

"आग्या हाय ती. माणूस आडवा करती."

"आपल्याकडं कुठं बघायल्यात? फुलांकडं बघायल्यात. जाळी सोडा."

"आन् गारा आल्या तर? आभाळ बघितलं का?"

"गारा आल्या तर फळं जातील," शिवकन्या म्हणाली. "फळंच न्हाईत, तर गारा नेतील काय?"

महारुद्र जाळीआड पडलेल्या फुलांकडं बघत राहिला. मग उपरणं डोक्याला गुंडाळून, तिला लांब उभं करून, तो एकटाच दोऱ्या सोडत गेला. जाळीची कड सैल झाली आणि वाऱ्यानं उचलली.

शिवकन्येनं डोळे गच्च मिटले. कानाजवळून काहीतरी वाहत गेलं. एक माशी पदरावर आपटली, सावरली, पुढं गेली.

तिनं डोळे उघडले तेव्हा जाळी रिकामी होती आणि बाग बोलत होती. फुलाफुलात एकेक डोकं. पिवळं होऊन बाहेर यायचं आणि शेजारच्या फुलात बुडायचं. ढकलाढकली नाही, घाई नाही. त्यांच्यामागून बारक्या काळ्या माशा आल्या, तिनं कधी न पाहिलेल्या. एक निळसर भुंगा आला. फांद्या त्यांच्या भारानं हलके हलके डुलत होत्या.

महारुद्र ओळीच्या मधोमध उभा होता. उपरणं खांद्यावर घसरलेलं, त्याचं त्याला भान नव्हतं. एक माशी त्याच्या बोटांवरून चालत गेली आणि हाताशेजारच्या फुलात उतरली. त्यानं श्वास रोखून धरला.

"ह्यांना कळलं कसं गं?" तो पुटपुटला.



तेवढ्यात बांधावरून चतुराबाई दोन बायांना घेऊन आली. फुलांवर ब्रश फिरवायला महारुद्रनंच त्यांना आज बोलावलं होतं. त्यानं आतूनच हात वर केला.

"चतुराबाई, तिथंच थांबा. आज आत येऊ नका."

"आन् मग काम?"

"चालू हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला.