तिसरा नंबर

१९२७च्या सुमारास आमच्या फिनलंडमध्ये दगड भिरकावला तरी तो एखाद्या नामांकित धावपटूलाच लागायचा. त्यामुळे दहा हजार मीटरच्या शर्यतीत मी नेहमी चौथा यायचो. पहिल्या तिघांभोवती गर्दी उसळायची. मी एकटाच गवतावर धापा टाकत बसलो की आमच्या गावातली सेल्मा किटलीभर कॉफी आणि वेलचीचा गोड पाव घेऊन माझ्यापाशी यायची.

"तावेत्ती, आज थोडक्यात हुकलं रे तुझं," ती हसून म्हणायची.

एवढ्या गुणी मुलीला चौथ्या नंबरवाल्यानं मागणी कुठल्या तोंडानं घालायची? आधी पदक, मगच लग्नाचं विचारायचं, असं मी ठरवलं आणि सगळा हिवाळा गुडघाभर बर्फातून पळत राहिलो.

"अरे, पोलीस लागलेत का मागे?" शेजारी खिडकीतून ओरडायचे.

उन्हाळ्यात तांपेरे शहरातल्या शर्यतीत मी खरोखरच तिसरा आलो! बँड वाजला, भाषणं झाली, फोटो निघाले. त्यातून सुटका झाल्यावर पदक मिरवत मी सेल्माला शोधायला धावलो. ती गवतावर बसून चौथ्या आलेल्या ओन्नीला कॉफी ओतून देत होती.

"बिचारा एकटाच बसला होता रे," ती म्हणाली. "तुझ्याभोवती तर केवढी गर्दी!"

पुढच्या जूनमध्ये त्या दोघांचं लग्न झालं.



ओन्नी माझ्यापेक्षा हुशार निघाला. त्यानं चौथा नंबर पुन्हा कधी सोडला नाही.