अंगठ्याचं सिरम

सायवनच्या रेशन दुकानात काळीचा अंगठा मशीनवर लागत नसे. रेघा पार झिजल्या होत्या. कार्डावर दुसरं नाव मुलाचं, विनोदचं. त्यामुळे दर महिन्याला खाडा करून त्याला वापीहून यावं लागे. तो अंगठा देई, घरी येऊन चहा पिई आणि निघे.

या वेळी त्याने बायकोकडून छोटी बाटली आणली.

"हर्षदाच्या पार्लरमधलं सिरम आहे, आये. ग्रोथ फॅक्टरवालं. नवी कातडी येते म्हणतात. बायका तोंडाला लावतात, तू अंगठ्याला लाव."

"तोंडाचं औषध अंगठ्याला?"

"तुझं तोंड कोण बघतंय? मशीन अंगठाच बघते."

काळी हसली.

पुढच्या महिन्यातही मशीनने तिचा अंगठा नाकारला.

"रोज लावतेस ना?"

"दोन टाइम."

विनोदने वैतागून आपला अंगठा टेकवला. घरी येऊन चहा प्यायला आणि गेला.

तो वळणाआड दिसेनासा झाल्यावर काळीने न उघडलेली बाटली डब्यामागे सरकवली आणि रोजच्यासारखा अंगठा पाट्याच्या दगडावर घासायला बसली.