झाकणातलं लेबल

"आबा, वय सापडलं!" पूजेला मांडलेल्या पिस्तुलाशेजारच्या त्याच्या रिकाम्या पेटीचं झाकण उघडून मी आजोबांना आतलं लेबल दाखवलं. "लंडनचं हे दुकान या पत्त्यावर अठराशे एकोणसाठला आलं. मग खापरपणजोबांनी सत्तावनच्या बंडात साहेबाकडून पिस्तूल हिसकावलं कसं?"

"लेबल मागाहून चिकटवलं असेल गं."

"नळीवरही तोच पत्ता कोरलाय!" मी भलतीच खुशीत होते. आबांचा चेहरा उतरला, तेव्हा समजूतही मीच घातली. "हिसकावलं नसेल, तर साहेबानं बक्षीस दिलं असेल की!"

"कशाबद्दल?" आबांनी हळूच विचारलं.

उत्तर सुचलं आणि मी लेबलावरचं बोट मागे घेतलं. त्या बंडात आमच्या गावचा एक जण फासावर गेला होता. त्याला कुणी पकडून दिलं, ते कधीच कळलं नाही. त्याचे पणतू, धोंडीतात्या, दर दसऱ्याला आमच्या पिस्तुलाला पहिलं सोनं वाहतात.

तेवढ्यात तात्या आलेच. आबांनी घाईनं पेटीचं झाकण लावलं.

"काय पोरी, यंदाही गोष्ट सांगणार ना आबा?" म्हणत तात्यांनी आपट्याची पानं पिस्तुलावर ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले.

आम्ही दोघांनीही त्यांना अडवलं नाही.