वर्षभराच्या सह्या

बाबांना पुरल्यावर तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे आम्हा घरच्यांची डोकी भादरणार होती. जमणाऱ्या भावकीसाठी बैल अंगणातच कापतात, पण मी हट्टाने त्याला कत्तलखान्यात आणलं. बाबा तिथले सरकारी पशुवैद्य होते. जनावर आधी कपाळात खिळा हाणणाऱ्या पिस्तुलाने बेशुद्ध करतात, मगच सुरी, असं ते घरी सांगत. “सिमियुकाका, पिस्तूल कुठंय?” मी खाटकाला विचारलं. “डॉक्टरची पोर शोभतेस!” तो हसला. “कपाटात गंजलंय. नैरोबीने सहा वर्षांत काडतुसं धाडली नाहीत, तपासायलाही कुणी फिरकलं नाही.” त्याने मागच्या पायांच्या शिरा कापल्या, बैल हंबरत कोसळला. “बाबांनी हे चालू दिलं?” “दिलं म्हणजे? आजारपणात काम अडू नये म्हणून वर्षभराच्या कोऱ्या दाखल्यांवर आगाऊ सह्या करून गेला. भला माणूस!” त्याने पुस्तकातला छापील दाखला फाडून दिला. ‘जनावर वेदनेविना मारले.’ खाली बाबांची सही. बैल अजून उठू पाहत होता.